अर्ज नीट लिहू नका

हूचौ, दुसरा महिना
चूल न पेटवायच्या सणाच्या आदल्या दिवशी

अहो,

तुमची नवी कविता पोचली. तुमच्याकडून नव्हे, धक्क्यावरच्या गुत्त्यातून. पेईदादा नावेतलं मीठ उतरवून वर आले ते गुणगुणतच. मी विचारलं, "कुणाचं हो हे?" तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचं आणि तुम्हालाच ठाऊक नाही? राजधानीत गल्लीबोळांत गातायत!" आणि आईंच्या पलंगासमोर उभं राहून सगळी म्हणून दाखवली, त्या भसाड्या आवाजात.

कवितेतली बाई म्हणे उंच माडीवर बसलीय. आरशावर धूळ. केस मोकळे. दिवसभर नदीकडे बघतेय आणि बाहीने डोळे पुसतेय. अहो, आपल्याकडे माडी आहे कुठे? आहे तो माळा, आणि तिथे रेशीमकिड्यांच्या टोपल्या. आठवड्याभरात अंडी फुटतील. केस मी रोज घट्ट बांधते, नाहीतर चिरलेल्या तुतीच्या पानांत पडतात आणि किडे तोंड लावत नाहीत. रडायचं म्हणाल तर ते कोश उतरवून झाल्यावर बघू.

आता गावातल्या बायका माझ्याकडे बघायला येतात. शेजारच्या कूवहिनी काल उगाचच विस्तव मागायला आल्या. आत डोकावून म्हणतात कशा, "काय गं हुइ, आज आरसा पुसलास वाटतं!" मी म्हटलं, "हो, तुम्ही येणार म्हणून."

तुम्हीच सांगितलं होतं मला. बादशहा विषय देतात, यमक देतात, उदबत्ती लावतात, आणि ती विझायच्या आत कविता कागदावर उतरली पाहिजे. सगळे दाढीवाले ओळीने बसून "नवऱ्याची वाट बघणारी बायको" लिहितात. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता दरबारात तुमचीच बायको सगळ्यांत खरी वाटते म्हणे, आणि बादशहा तुम्हालाच पुन्हापुन्हा तो विषय देतात. वाटणारच खरी.

एक विचारते. त्या नव्या कवितेत ओळ आहे की कुणी न पांघरलेली रजई ती दरवर्षी उन्हात घालते. ते मी तुम्हाला लिहिलं होतं, गेल्या सातव्या महिन्यात. कवितेसाठी नव्हतं लिहिलं.

आई बऱ्या आहेत. खोकला आहे. परवा म्हणाल्या, "त्याला कळव, आई मेल्याशिवाय सरकारी माणसाला घरी यायला मिळत नाही ना, मग मी घाई करते." मी म्हटलं, "असं बोलू नये, आई." तर म्हणाल्या, "का? तुला नको झालाय का तो?" आता ह्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

सात वर्षं झाली. रजेचा अर्ज पुन्हा करा.

तुमची,
हुइ


चौथा महिना
किडे शेवटच्या झोपेतून उठले त्या दिवशी

अहो,

पत्र मिळालं आणि कापडाचा तागाही. बक्षीस म्हणून बादशहांनी दिला ना? आईंनी काठ चिमटीत धरून पाहिला आणि खोकेपर्यंत हसल्या. "अगं, हे तर आपल्याच खोऱ्यातलं! आपण कर म्हणून पाठवलं ते कविता होऊन परत आलं." त्यांना त्याचा झगा शिवायचा नाही. म्हणतात, पेटीत ठेव, मला घालून पाठवायला होईल.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही वाचून माझं डोकं फिरलंय.

पहिली, रजा नाकारली. ते ठीक, सवय आहे. पण बादशहा जे बोलले ते तुम्ही मोठ्या कौतुकाने लिहिलंय: "थान वेई घरी गेला तर ती बाई माडीवर कशाला बसेल?" सगळा दरबार हसला म्हणे. तुम्हीही हसलात का हो? मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुसरी, तुम्ही लिहिता, "तुझी पत्रं म्हणजे माझा दिवा. मनात येईल ते सगळं लिही. संध्याकाळी काय वाटतं, पावसात काय वाटतं, काहीही गाळू नकोस."

असं होय! म्हणजे मी इथे तळमळायचं, ते कागदावर घालून तुम्हाला पाठवायचं, तुम्ही त्याला यमक लावायचं, ते ऐकून बादशहा खूश व्हायचे आणि खूश होऊन तुम्हाला तिथेच ठेवून घ्यायचे. म्हणजे मी जितकी चांगली तळमळेन तितके तुम्ही लांब. मी शाळामास्तराची मुलगी आहे, एवढं कळतं मला.

मी तुमच्याबरोबर आले नाही कारण आईंना नावेत बसवत नाही आणि सासऱ्यांची कबर सोडून त्या जाणार नाहीत. ते आपण दोघांनी ठरवलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या ठरवण्यात मी तुमच्या लेखणीची शाई होईन असं कुठे ठरलं होतं?

तेव्हा आता ऐका. यापुढे माझ्या पत्रात पानं असतील, किडे असतील, कोश असतील आणि आईंची तब्येत असेल. संध्याकाळ नाही आणि पाऊसही नाही. बघू माडीवरची बाई कशावर जगते.

हुइ


पाचवा महिना
कोश उतरवून झाल्यावर

अहो,

कोश चांगले आले. थोडे डागाळले, ते वेगळे काढले. तुतीच्या जुन्या झाडांना कीड नाही. कर भरला. पेईदादांनी आलं आणि वाळवलेली मासळी आणून दिली.

आईंचा खोकला वाढलाय. वैद्याने काढा दिला, त्या तो कुंडीत ओततात आणि त्यांना वाटतं मला कळत नाही. कुंडीतलं झाड मात्र वाळलं.

छपराची दोन कौलं बदलली. मीच चढले. वरून कालवा लांबपर्यंत दिसतो, उत्तरेकडून येणाऱ्या नावा अगदी वळणापासून…

छप्पर आता गळत नाही.

हुइ


सहावा महिना
उन्हाळ्याचा भर ओसरायच्या आधी

अहो,

आई गेल्या. काल दुपारी.

सरकारी पत्र तालुक्याच्या कचेरीतून निघालंय, घोड्यावरून ते आधी पोचेल. तरी मी लिहितेय, कारण हे तुम्हाला कारकुनाच्या अक्षरात कळावं असं मला वाटत नाही.

त्रास फार झाला नाही. तुमच्या चुलतभावाने सगळं केलं. त्यांना तेच बक्षिसाचं कापड नेसवलं, त्यांची इच्छा म्हणून. शवपेटी पुढच्या खोलीत आहे, सांधे लाखेने बुजवलेत. तुम्ही आल्याशिवाय मातीत ठेवायचं नाही. मुलगा जिवंत असताना दुसऱ्याने माती लोटायची, हे कुणी ऐकून घेणार नाही, आणि मीही नाही.

एक सांगते, ते वाचून कागद जाळून टाका. काल मी त्यांचे पाय चोळत रडत होते, अगदी मनापासून, कारण ह्या सात वर्षांत मला माणूस म्हणून त्याच होत्या. आणि रडतारडता मनात आलं: आता येतील. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. कूवहिनींना वाटलं, दुःखाने वेडी झाली.

पण ते खरं आहे ना? आता कुणी नाही म्हणू शकत नाही. पद सोडायचं, पांढरं नेसायचं, घरी येऊन शोकाची तीन वर्षं राहायचं. अंगणात तुमच्यासाठी खोप बांधायला सांगितलीय. शोकात नवऱ्याने तिथे गवतावर निजायचं आणि बायकोने आत, मला माहीत आहे. चालेल. भिंतीपलीकडे तुम्ही कूस बदललेली ऐकू आली तरी मला पुरे.

बघा, लिहू नये ते लिहिलं. ह्याची कविता करू नका. लवकर निघा.

हुइ


दहावा महिना
पहिलं दव गोठलं त्या सकाळी

थान वेई,

हो, नाव घेऊन लिहितेय. आजूबाजूला कुणी नाही लाजायला.

तुमचं पत्र पेईदादांनी आणलं. मी खोपीवर गवत अंथरत होते. ते दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "वहिनी, आधी बसा." मी म्हटलं, "तुम्ही उभ्यानेच सांगा." तर त्या बिचाऱ्याने सांगितलं की बादशहांनी खास मर्जी म्हणून तुम्हाला शोकातून मोकळं केलं. दरबारी झग्याच्या आत पांढरं नेसायचं आणि कामावर राहायचं.

मला रीत ठाऊक आहे. असा मान मिळाला की माणसाने तो नाकारायचा असतो, अर्ज करून, तीनदा. तिसऱ्यांदा सहसा सोडतात. तुम्ही एकदा केलात. कसा केलात तेही ऐकलं. पेईदादांकडे त्याची नक्कल आहे! बाजारात विकतात म्हणे. मी वाचली. कावळ्याचं पिल्लू म्हाताऱ्या आईला भरवतं आणि मी कावळ्याहूनही हलका. घरी दिवा विझला आणि मी दुसऱ्यांच्या मेजवानीत दिवे लावतो. वाचताना मलाच रडू आलं, मग बादशहांचं काय! त्यांनी तो भर दरबारात वाचून दाखवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "अशी लेखणी मी तीन वर्षं कशी सोडू?"

अहो देवा! सोडा म्हणून अर्ज करायचा आणि तो इतका सुंदर करायचा की समोरच्याने घट्टच धरावं! हे फक्त तुम्हालाच जमेल. घराला आग लागली तर तुम्ही आरोळीसुद्धा यमकात ठोकाल आणि लोक पाणी आणायचं सोडून वाहवा करत उभे राहतील.

आणि वर मला लिहिता की आईवर विलापिका लिहायची आहे, तर शेवटचा प्रहर कसा गेला, आई काय बोलली, माझं नाव घेतलं का, हे सविस्तर कळव.

नाही कळवत.

त्या बोलल्या. शेवटचं बोलल्या ते माझ्याशी, आणि मी सोडून कुणी ऐकलं नाही. ते मी कागदावर उतरवणार नाही. ऐकायचं असेल तर इथे या, त्यांच्या पेटीजवळ बसा, मग मी तोंडाने सांगेन.

दुसरा अर्ज करा. आणि माझं एवढं एक ऐका, आयुष्यात मी तुमच्या लिहिण्यात कधी बोट घातलेलं नाही: नीट लिहू नका. कावळा नको, दिवा नको, काही नको. धान्याच्या कोठारावरचा कारकून लिहितो तसं लिहा. "आई वारली. पुरायची आहे. मला जायचं आहे." एवढंच. उदबत्ती लावून बसलात तरी ती अख्खी उरली पाहिजे.

तुम्हाला ते जड जाईल, मी जाणते. लोक हसतील. तुम्ही लहानपणापासून एक ओळसुद्धा वाईट लिहिलेली नाही, आई मोठ्या अभिमानाने सांगायच्या. एकदा लिहा. माझ्यासाठी नको तर त्यांच्यासाठी लिहा, पुढच्या खोलीत वाट बघत पडल्यात त्या.

हुइ


तिसरा महिना
यांगचौच्या धक्क्यावर, पेईदादांच्या भावाच्या वखारीत ठेवायला

अहो,

हे पत्र तुम्हाला यांगचौला मिळेल. तिथे तुम्ही मोठी नाव सोडून कालव्याची छोटी नाव घ्याल, असा पेईदादांचा हिशोब. ते तुमच्या आधी पोचले ते हसतच. "वहिनी, काय अर्ज होता! आमच्या मिठाच्या वखारीतला हमालही ह्याहून बरा लिहील. दरबारात लोकांनी तोंडावर बाही धरली." बादशहांनी म्हणे कागद उलटसुलट करून पाहिला, मागे आणखी काही आहे का म्हणून, आणि म्हणाले, "ह्याची आई गेली आणि हातही गेला. जाऊ द्या त्याला." पुढच्याच मेजवानीत तो वाट बघणाऱ्या बायकोचा विषय दुसऱ्या कुणाला दिला. पेईदादांना वाटलं मला वाईट वाटेल. मी त्यांना गरम दारू दिली आणि वर अंडंही घातलं.

मग तुमचं पत्र वाचलं. तुम्ही लिहिलंय, मुद्दाम वाईट लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यावर हात थांबला, कारण "आई वारली" हे मी तोवर एकदाही साध्या शब्दांत म्हटलंच नव्हतं. तिथेच कागदावर डोकं ठेवून रडलो, म्हणून शाई फिसकटली. लोक त्या फिसकटलेल्या शाईला हसले ना? मला ते कळल्यापासून त्या सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

आणि शेवटी लिहिलंय, "येतो आहे. आई शेवटी काय म्हणाली ते ऐकायला." बाकी काही नाही. मी कागद उलटसुलट करून पाहिला, बादशहांसारखाच.

तेव्हा आता मला सांगायलाच हवं. खरं तर तोंडाने सांगणार होते, पण तुम्ही घरात पाऊल टाकाल, पेटीजवळ बसाल, माझ्या तोंडाकडे बघाल, आणि तेव्हा मी हे सांगितलं तर तुमचा चेहरा कसा होईल, तो मला बघवणार नाही.

त्या दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला आणि विचारलं, "हुइ, तू जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "खोटं बोलतेस." आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

एवढंच. तुमचं नाव त्यात नव्हतं. त्याच्या आधी दोन दिवस त्या तुमच्याबद्दल खूप बोलल्या, लहानपणी तुम्ही शाई प्यायला होतात तेसुद्धा, ते सगळं सांगेन. पण शेवटचं जे होतं ते माझं होतं. ते मी गळाला लावलं आणि तुम्हाला ओढलं. तुमच्या आईच्या शेवटच्या शब्दांचा मी असा वापर केला. तुम्ही रागावलात तर ते योग्यच आहे. पण मला दुसरं काही उरलं नव्हतं हो. ओढ लिहिली तर तुम्ही तिची गाणी केलीत, लिहिली नाही तर तुम्हाला चुकचुकल्यासारखंही झालं नाही.

यांगचौहून राजधानीच्या नावा रोज सुटतात. त्या शब्दांसाठी निघाला असाल तर ते आता तुमच्या हातात आहेत. आईंना माती द्या, तेवढं तर करावंच लागेल, आणि मग एक छान अर्ज लिहा. बादशहा शोक संपायचीही वाट न बघता परत घेतील. मी अडवणार नाही. त्या बाईची माडी तुम्ही कुणाच्याही पत्रांवर उभी करू शकाल, तेवढे तुम्ही मोठे आहात.

मी आता पहिल्यासारखी दिसत नाही, हेही सांगून ठेवते. हात खरखरीत झालेत, समोरचा एक दात गेलाय. बोलणं तर तुम्ही वाचताच आहात. आपण दोघं एका घरात काय बोलू, हे मला खरंच ठाऊक नाही. कित्येक दिवस मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवतेय आणि ते जमत नाही. तुम्ही समोर आलात की मी बहुधा "पाय धुवा" म्हणेन.

पण माझ्यासाठी येत असाल, तर मग वाटेत कुठेही उतरू नका. ओळखीचे भेटतील, जेवायला थांबवतील, कविता म्हणा म्हणतील. थांबू नका. मला आता एक दिवससुद्धा जास्त वाट बघवत नाही.

तुमची,
हुइ